दिवाळी ते नाताळ, पुण्यात: बाबांना घेऊन कुठे जाता येईल?

ओसरी

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी काढतेय.

आई फेब्रुवारीत गेली. बाबा ७८ वर्षांचे आहेत, जूनपासून आमच्याकडे पुण्यात राहायला आलेत. पाटबंधारे खात्यात आरेखक (ड्राफ्ट्समन) होते, सगळी नोकरी सरकारी वसाहतींमध्ये झाली. तिथे दिवाळी म्हणजे सकाळपासून झाकलेली ताटं या दारातून त्या दारात. इथे सातव्या मजल्यावर दार उघडलं की समोर दोन कुलुपं. आम्ही वर्षाच्या आत आहोत, त्यामुळे घरात तळण नाही, आकाशकंदील लावायचा की नाही यावरही बाबा गप्प आहेत. परवा म्हणाले, "आपल्याला यंदा सण नाही. मी ते चार दिवस पडूनच काढतो."

मला त्यांना पडून राहू द्यायचं नाहीये. वसुबारसेपासून डिसेंबर संपेपर्यंत शहरात इतकं काही चालू असतं, त्यातलं त्यांना झेपेल, आवडेल असं काय आहे? गुडघे दुखतात, दहा-बारा पायऱ्यांच्या वर नको. ऐकू नीट येतं. पहाटे चारला उठतातच. अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाहीत, समोरच्याने विषय काढला तर मात्र तासभर बोलतात.

पेठकर

आधी आईंना नमस्कार. वर्षातली पहिली दिवाळी फार जड जाते, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी होती.

बाबा चारला उठत असतील तर दिवाळी पहाट त्यांच्यासाठीच आहे असं समजा. बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, शिवाय उपनगरांतली मैदानं, सोसायट्यांची आवारं, सगळीकडे असते. माझं मत विचाराल तर मोठ्या नाट्यगृहापेक्षा घराजवळच्या उद्यानातली पहाट निवडा. गायक कमी प्रसिद्ध असेल, पण शेजारी बसलेला माणूस उद्या भाजी घेताना पुन्हा भेटेल. बाबांना त्याची गरज जास्त आहे.

पाडव्याला सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जायचं मनात असेल तर फार लवकर निघा. मेट्रो सहाला सुरू होते, त्यामुळे त्या वेळी स्वारगेट स्टेशनचा उपयोग नाही, रिक्षा आधी ठरवून ठेवा.

आणि त्रिपुरी पौर्णिमा विसरू नका. लोक भाऊबीज झाली की कंदील उतरवतात, पण ओंकारेश्वराला त्रिपुर लागतो तो त्यानंतर. मुठेकाठचं हे देऊळ १७३८ चं. त्या संध्याकाळी विजेचे दिवे विसरायला होतात.

शेवंती

पेठकर, सारसबागेबद्दल थोडी असहमती. पाडव्याच्या पहाटे तिथे तरुण मुलामुलींची इतकी दाटी असते की गुडघेदुखीच्या माणसाला पाऊल टाकायला जागा मिळत नाही. मी सासूबाईंना नेलं होतं, अर्धा तास त्या माझा दंड धरून नुसत्या उभ्या होत्या. गणपती दिसला नाही, दिसल्या त्या लोकांच्या पाठी.

ओसरी, तुम्ही थंडी पडल्यावर एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा. गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे म्हणाल्या, "विणकाम कुणाचं आहे, टाके किती सारखे आलेत." मग शेजारच्या बाईंशी लोकरीवरून बोलणं सुरू झालं ते उन्हं वर येईपर्यंत.

अजून एक सांगायचंय. विनामूल्य प्रवेशिकांच्या कार्यक्रमांना जाण्याआधी नीट चौकशी करा. एका पहाटेला आम्ही रांगेत उभं राहून प्रवेशिका आणल्या, पाचला पोहोचलो, तर पुढच्या सहा रांगांवर रुमाल आणि पिशव्या. त्यातले कितीतरी लोक सातपर्यंत आलेच नाहीत आणि म्हातारी माणसं मागे उभी. आयोजकांना सांगितलं तर त्यांनी हात वर केले. मला ते अजून लागून राहिलंय. ज्येष्ठांसाठी दोन रांगा राखणं आणि साडेपाचनंतर रुमाल उचलणं, एवढं कुठल्याही मंडळाला जमू शकतं.

पेठकर

मान्य. सासूबाईंबरोबर झालं तसं बाबांचं होऊ नये. सारसबाग पाडव्याला नको, थंडीतच.

गेरू

ओसरी, तुमच्या सोसायटीत मुलं किल्ला करतात का? बाबा आरेखक होते हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

आमच्याकडे दरवर्षी करतात, आणि दरवर्षी तोच गोंधळ. विटा आणि दगड रचायचे, वर ओलं पोतं टाकायचं, मातीचा चिखल थापायचा, मग जो आकार येईल त्याला नाव द्यायचं. गेल्या वर्षी प्रतापगड म्हणून सुरू झालेला किल्ला लक्ष्मीपूजनापर्यंत सिंधुदुर्ग झाला होता, कारण एक बाजू खचून तिथे पाणी साचलं. मुलांची हौस दांडगी असते, पण त्यांना गडाचा नकाशा वाचून दाखवणारं कुणी नसतं. बाबांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि मुलांना वर पाठवा.

मावळे आणायला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जा, मंडईपर्यंत मेट्रोने आणि पुढे रिक्षाने. बाबांनाही न्या. हळीव आणि मोहरी मात्र आजच पेरा. किल्ल्यावर हिरवळ दिसायला चार-पाच दिवस लागतात, आणि दर वर्षी सगळ्यांना ते नरकचतुर्दशीला आठवतं.

खर्जातला_सा

डिसेंबरसाठी सवाई, म्हणजे शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव. बाबांना गाणं आवडतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नसेल आवडत तरी एक दिवस न्याच.

पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये पंडितजी गेल्यावर त्यांचं नावही महोत्सवाच्या नावात आलं. आमची पिढी रमणबागेच्या मैदानावर वाढली. रात्रभर गाणं चालायचं, पहाटे शाल गुंडाळून चहा पिताना आत भैरव सुरू झाल्याचं कानावर यायचं आणि कप टाकून लोक धावत सुटायचे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली आणि त्या रात्री गेल्या. नियम योग्यच आहे, मैदानाशेजारी राहणाऱ्यांनाही झोप असते. पण मालकंस, दरबारी यांची खरी वेळ मध्यरात्रीच्या आसपासची, ती आता मैफलीत क्वचित सापडते. ललत, भटियार, अहिरभैरव यांची वेळ दिवाळी पहाटेने जपली. म्हणून मला पहाट ही नुसती सणाची हौस वाटत नाही. पहाटेचे राग पहाटे ऐकायची वर्षातली ती एक हमखास संधी आहे.

२०१८ पासून सवाई मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. भारतीय बैठक स्वस्त, पण गुडघे लक्षात घेता खुर्चीचंच तिकीट काढा. एक पातळ गादी किंवा उशी, कानाला मफलर, पाण्याची बाटली. पाचही दिवस नको, एक दिवस ठरवा आणि तो पूर्ण ऐका. उठावंसं वाटलं तर मागे खाण्याच्या दालनाकडे जायचं, तिथेही गाणं ऐकू येतंच. वीस-तीस वर्षं फक्त सवाईतच भेटणारी माणसं मी पाहिलीत. एकमेकांचा पत्ता माहीत नसतो, पण कोण कुठल्या खांबाजवळ बसतो ते माहीत असतं.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे, दिवाळीत बहुतेक ड्युटी असते. गाण्याबिण्यातलं फार कळत नाही, पण एकट्या म्हाताऱ्या माणसांबद्दल एक सांगते. पहाटेचे कार्यक्रम, सकाळचा फराळ हे निभावून जातं. त्यांना खाते ती लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, साडेसहा ते आठ. सगळ्यांच्या घरी पूजा चालू असते, कुणी कुणाकडे जात नाही, बाहेर फटाके आणि आत रिकामं घर. त्या वेळी बाबांना घरात एकटं ठेवू नका. तुमच्याकडे पूजा साधीच करणार असाल तर झाल्यावर लगेच खाली आवारात घेऊन या, किल्ला असेल तर किल्ल्यापाशी खुर्ची टाका.

आणि कुठेही नेण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घ्या. बरीच वडीलधारी माणसं "मला नाही यायचं" म्हणतात त्याचं खरं कारण ते असतं, आणि ते मुलीला सांगत नाहीत.

ओसरी

रात्रपाळी, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. गेल्या महिन्यात बाबा नातीच्या गॅदरिंगला आले नव्हते. मी रागावले होते.

गेरू, मुलांना वर पाठवलं. पुढचं नंतर लिहिते.

क्वार्टरगेट

नाताळबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

बाहेरच्यांना पुण्याचा नाताळ म्हणजे कॅम्प आणि एमजी रोडची रोषणाई. २४ तारखेला तिथे नेऊ नका, सारसबागेपेक्षा जास्त गर्दी असते. पण जुना नाताळ पेठांमध्ये आहे. आमच्या क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी ती जागा दिली. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं चर्च बाबांना नावाने नक्की माहीत असेल. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी चहा प्यायली आणि त्यावरून अख्ख्या पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्कार-प्रायश्चित्ताचा वाद झाला. तिथला घंटेचा मनोरा चर्चपासून वेगळा उभा आहे. आरेखक माणसाला तो बघायला आवडेल.

आणि मराठी ख्रिस्ती उपासनेतली भजनं ऐकवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी भजनं अभंगाच्या चालीत आहेत, पेटी, तबला, टाळ घेऊन म्हणतो आम्ही ती. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो, आपण देवळात आलो की काय म्हणून.

आमच्या घरी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फराळ होतो. हो, आम्हीही फराळच म्हणतो. करंज्या, चकल्या, आणि कलकल. कलकलाचं काम बसल्या जागी होतं: मैद्याच्या घट्ट पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत ओढायची आणि तशीच गुंडाळून सोडायची, की शंखासारखा आकार येतो. दहा-बारा माणसं गोल बसून दोन किलोचं पीठ संपवतो. ओसरी, तुमच्या घरी यंदा तळण नाही, पण आमच्या घरी आहे. बाबांना आणा. मी मनापासून बोलावतोय, निरोप पाठवला की पत्ता कळवतो.

शेवंती

क्वार्टरगेट, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक_सभासद

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी एका सोसायटीचा सचिव आहे, असे कार्यक्रम भरवतो. लोकांना वाटतं गायक बोलावला की झालं. महापालिकेची मांडवाची परवानगी, पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपकाची परवानगी, विजेची तात्पुरती जोडणी, यात तीन आठवडे जातात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे पाचची पहाट बंदिस्त सभागृहात नसेल तर सहानंतरच सुरू करावी लागते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपुरती शासन रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढंच.

रुमालांबद्दल शेवंतींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडेही तेच व्हायचं. मागच्या वर्षी आम्ही पहिल्या दोन रांगांमध्ये हात असलेल्या खुर्च्या ठेवल्या, ज्यांना उठताना आधार लागतो त्यांच्यासाठी, आणि दहावीतल्या चार मुलांना त्या रांगांपाशी उभं केलं. मुलांना वाईटपणा घ्यावा लागला नाही. मुलगा "आजोबा, इथे बसा" म्हणाला की रुमालवाला आपोआप उठतो. यंदा सभासदांकडून जमलेले दिवाळी अंकही आवारात टेबलावर ठेवणार आहोत, कुणीही घ्या, वाचा, पुढे द्या. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही सवय, घरोघर एकेक अंक घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा असा फिरवला तर माणसं टेबलापाशी थांबतात.

ओसरी, तुम्ही आमच्या भागात असाल तर सांगा, हाताच्या खुर्चीवर नाव लिहून ठेवतो.

ओसरी (भाऊबीजेच्या रात्री)

सांगायचं खूप आहे, पण किल्ल्याबद्दल आधी.

मुलं वर आली तेव्हा बाबा झोपले होते, म्हणजे डोळे मिटून पडले होते. पहिलीतल्या मुलीने सरळ विचारलं, "आजोबा, राजगड काढता येतो का?" बाबा उठून बसले. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मधोमध बालेकिल्ला धरून पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या काढल्या. मग समोच्च रेषा. त्या रेषा म्हणजे काय हे समजावताना त्यांनी बटाटा मागून घेतला, त्याचे आडवे काप केले आणि एकेक काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. मुलं श्वास रोखून बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या लहानपणी मला तो बटाटा दाखवला होता हे मी साफ विसरले होते.

त्यानंतर चार दिवस बाबा खालीच. खुर्ची, काठी आणि हातात ते कॅलेंडरचं पान. "संजीवनी अजून लांब घ्या. तटबंदी दुहेरी आहे तिथे, एकेरी नको." लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे पूजा उरकून सव्वासातला खाली आलो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी न विचारता फराळाचं ताट आणून बाबांच्या मांडीवर ठेवलं. वर्षाच्या आत आहोत हे त्यांना कळलं होतं. आणखी तीन घरांतून ताटं आली. बाबांनी अनारसा मोडून जाळी बघितली आणि म्हणाले, "हिची अशी यायची."

आई गेल्यापासून आईबद्दल त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य.

गेरू

ओसरी, किल्ल्याचा फोटो टाका. बटाट्याची युक्ती मी उद्याच चोरतोय.

रात्रपाळी

ड्युटीवर वाचलं. आभार लिहिल्याबद्दल.

ओसरी (त्रिपुरी पौर्णिमेनंतर)

पेठकरांनी सांगितल्याप्रमाणे ओंकारेश्वराला गेलो. ऊन कलल्यावरच पोहोचलो म्हणून कडेला टेकायला जागा मिळाली. स्वच्छतागृहाची चौकशी आधी केली होती.

आवारात पणत्या मांडायचं काम चाललं होतं. एक आजी टोपलीतून पणत्या काढून ओळीत ठेवत होत्या, दोन मुलगे तेल घालत होते. नदीकडून वारा होता, लावलेल्या निम्म्या विझत होत्या. बाबा दहा मिनिटं बघत राहिले. मग उठले आणि त्या मुलाला म्हणाले, "पणत्या कोऱ्या आहेत. रात्रभर पाण्यात ठेवल्या नाहीत, म्हणून तेल पितायत. आणि वात अशी बाहेर नको लोंबायला." त्यांनी एक वात तेलात बुडवली, दोन बोटांत हलकेच पिळली, पणतीच्या चोचीवर जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं टोक ठेवलं, आणि वाऱ्याच्या बाजूला तळवा आडवा धरून काडी लावली. राहिली. आजींनी काही न बोलता वातींचा डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

मी मोजल्या नाहीत, पण तासभर बाबा वाती पिळून देत होते आणि तो मुलगा लावत होता. अंधार पडला तेव्हा बोटं तेलाने माखलेली, झब्ब्यावर डाग. मी रुमाल दिला तर म्हणाले, थांब, अजून ही ओळ राहिलीय.

रिक्षात बसल्यावर बराच वेळ गप्प होते. पूल ओलांडल्यावर विचारलं, "तो पंचहौदाचा मनोरा किती उंच असेल गं?"

क्वार्टरगेट, निरोप पाठवलाय. पत्ता कळवा. काटा आम्ही घरून आणू का?

क्वार्टरगेट

पत्ता पाठवला. काटे भरपूर आहेत. बाबांना मनोऱ्यासाठी कॅलेंडरचं पान आणायला सांगा.